आधी सांगायचं, मग लिहायचं

अकोल्याच्या शाळेत आम्हाला मराठी शिकवणाऱ्या बाईंनी निबंधाच्या चार पायऱ्या घालून दिल्या होत्या. आधी कोणाला तरी तोंडी सांगायचं, मग कच्चं लिहायचं, मग खोडायचं, शेवटी पक्कं. "ऐकणारा 'मग?' विचारत नसेल, तिथं निबंध मेला समजा," असं त्या म्हणायच्या. बाकीच्या मुली पहिली पायरी सरळ गाळायच्या. मला तर तेवढी एकच पायरी मनापासून आवडायची, कारण सांगायला आई होती.

आई दर्यापूरच्या पलीकडे, आमच्या खेड्यात. मी शिकायला मावशीकडे. मावशी मायाळू, पण तिच्या घरात पोरांचा एवढा गलका, की निबंध ऐकायला कोणाचा कान रिकामा सापडेल तर शपथ! म्हणून विषय मिळाला की मी सुटीची वाट बघायची.

त्या वर्षी विषय होता सीतादही. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी बायका शेतात पूजा मांडतात, दहीभात शिंपडतात, तो आमच्याकडचा रिवाज. दिवाळीच्या सुटीत आमची सीतादही झाली आणि दुसऱ्या दिवशी वेचता वेचता मी आईला निबंध सांगितला. ती पुढच्या तासात, पऱ्हाटीच्या शेजारच्या ओळीत, कमरेला कापसाची ओटी, मान खाली. पण दर दोन वाक्यांनी तिचं "मंग?" यायचंच. शाळा काय असते ते तिला ठाऊक नव्हतं, पण बाईंची पहिली पायरी तिनं मला बोट धरून चढवली.

अकोल्याला आले आणि खोडायला बसले. पूजेच्या घाईत मी दह्याचं गाडगं लवंडलं होतं, ते खोडलं. आई रागावली, ते खोडलं. निबंधात असलं शोभतं का? त्याऐवजी पांढराशुभ्र कापूस हसवला, वाऱ्याला गाणं म्हणायला लावलं. निबंध शाळेच्या हस्तलिखितात लागला. मी हवेत. संक्रांतीला पक्की प्रत घेऊन घरी गेले, आईचं "मंग?" ऐकायला जीव नुसता आसुसला होता.

निघायच्या दिवशी सकाळी कुठे तिला सवड मिळाली. मी वाचलं. तिचं "मंग?" एकदाही आलं नाही.

"हे कोनं लिवलं वं?"

"मीच की, माय."

"मंग तू काहून नाई याच्यात? गाडगं कोनं सांडवलं?"

माझे डोळे भरले. तिनं ते पाहिलं असावं, कारण ती हसली.

"त्या दिशी तुले बोलली मी. पन मीबी लहानपनी असंच सांडवलं होतं. माह्या मायनं मले वावराच्या धुऱ्यावर बसवलं, अन..."

"मंग?" मी म्हटलं.

तेवढ्यात फाट्यावर मोटारीचा भोंगा वाजला. आईनं माझी पिशवी उचलली. "चाल, पुढच्या सुटीत सांगतो."

पुढच्या सुटीआधीच ती तापानं गेली.

त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं. ही सीतादही तर कितीदा लिहायला घेतली. आईच्या आईनं तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवलं, इथवर येते, कोणी नसताना मोठ्यानं "मंग?" म्हणते, आणि लेखणी खाली ठेवते.