राब न भाजलेला वाफा

मानपाड्याच्या मागे, इमारतींच्या कुंपणाला लागून भाताची दोन-तीन खाचरं अजून उरली आहेत, तिथले हे काका. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला, राहायला डोंबिवलीतच, म्हणून आमची वरचेवर गाठ पडते. काकांचं बोलणं मोजकं. ढेकूळ चुरून हुंगायचं आणि "बरा हाय" म्हणायचं. तब्येत विचारा, जेवण विचारा, उत्तर तेच.

भाताचं बी पेरण्याआधी ते वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवायचे. राब भाजणं म्हणतात त्याला. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना सुनावलं, "काका, जाळू नका. पाला मातीत कुजू द्या. त्याचा धूर झाला की हवा तापते आणि जमीन उपाशी राहते."

"बरा हाय," ते म्हणाले. मी ते नेहमीचंच धरलं.

पावसात रोपं बघायला गेलो, तर वाफ्याचे दोन भाग केलेले.

"ह्यो माजा, भाजलेला. त्यो तुमचा. त्याला जालला नाय."

दोन्हीकडची रोपं सारखीच हिरवी, वाफे स्वच्छ. मी खूश होऊन फोटो काढले आणि बांधापलीकडे पाय धुवायला गेलो. तिथे गोणपाटाखाली उपटलेल्या तणाचा गुडघाभर ढीग होता. तण मरावं म्हणूनच राब भाजतात, हे मला नोकरी लागल्यापासून पाठ होतं. सांगताना नेमकं तेवढंच राहून गेलेलं.

मी वळलो तेव्हा काका हिरवी पडलेली बोटं लुंगीला पुसत होते.

"फुडच्या साली आख्खा वाफा तुमचा ठेवतू," ते म्हणाले. "पन येताना जुनी पँट घालून या."