सुशीलाबाईंची डुलकी

सुशीला बोधनकर दुपारी झोपत नाही. यात काय सांगण्यासारखं, असं कोणाला वाटलं तर त्याने मे महिन्यात रायपूरला यावं आणि मग बोलावं. आमच्या समता कॉलोनीत त्या दिवसांत कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीत अंग टाकून देतात, माणसं कूलरपुढे आडवी होतात आणि संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. शेजारची सुशीला मात्र व्हरांड्यात खुर्ची टाकून ताठ बसलेली असते. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी अशीच बसते. वीस-बावीस वर्षं मी हे भिंतीपलीकडून बघते आहे.

याचं कारण यशवंतराव. नाव घेतलं तरी माझं तोंड कडू होतं, पण त्यांच्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही.

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गणपतीला मराठी नाटक व्हायचं, तीन अंकी, खऱ्या पडद्याचं. सुशीलाचे यजमान रेल्वेत होते आणि ती स्वतः एका सरकारी कचेरीत टायपिंग करायची. काम करायची हौस होती म्हणून ती नाटक मंडळात आली. यशवंतराव मंडळाचे नायक आणि दिग्दर्शकही. भोसल्यांच्या काळापासून इथे असलेलं घराणं, गोरेपान, आवाज भरदार. त्यांनी तिच्याकडून एक उतारा वाचून घेतला आणि म्हणाले, "आवाज फार छान आहे बाई. चेहरा विंगेतच बरा." आणि तिला प्रॉम्प्टर केलं.

तिने तेही जीव लावून केलं. नटाच्या कानात जाईल आणि पहिल्या रांगेला कळणार नाही, असा तिचा आवाज होता. यशवंतरावांचं तर सगळं नाटक त्या आवाजावर चालायचं, कारण ते कधीच पाठ करत नसत. उजव्या कानाची पाळी चोळली की वाक्य हवं, अशी दोघांची खूण होती. लोकांना ती त्यांची लकब वाटायची. पाऱ्यातली कॉलेजची पोरं मुलींसमोर कान चोळत उभी राहायची, इतकी ती लकब गाजली होती.

एका वर्षी नागपूरहून परीक्षक आले होते. तिसऱ्या अंकात यशवंतरावांनी कान चोळला, सुशीलाने वाक्य दिलं, आणि ते नुसते बघत राहिले. तिने परत दिलं. तिसऱ्यांदा तर इतक्या मोठ्याने दिलं की पडदा ओढायला दुसऱ्या विंगेत उभ्या असलेल्या मला ते स्वच्छ ऐकू आलं. यशवंतराव कोरेच्या कोरे. शेवटी त्यांनी मधली चार पानं गिळून एकदम शेवटचा संवाद म्हटला. नाटकाचा बोऱ्या वाजला. मग बक्षिसाच्या वेळी हा माणूस माइकवर गेला आणि हसत हसत म्हणाला, "माफ करा मंडळी, आमच्या प्रॉम्प्टर बाईंना डुलकी लागली होती."

सगळा हॉल हसला. सुशीलाचे यजमानही हसले. मी कितीतरी जणांना सांगितलं की ती जागी होती, पण पडदा ओढणारीचं कोण ऐकतो? त्या दिवसापासून ती डुलकीबाई झाली. भाजीवाला, कचेरीतला शिपाई, सासरची माणसं, कोणी सोडलं नाही. घरात कुकरची शिट्टी झाली की यजमान म्हणायचे, "डुलके, ऊठ." ते वारले, नाव राहिलं. सुशीलाने मंडळाची पायरी सोडली आणि दुपारची झोपही सोडली. तिला एकच हवं होतं, त्याच हॉलमध्ये, त्याच तोंडाने ते शब्द परत घ्यायला लावायचे. कसे, ते तिलाही माहीत नव्हतं. पण डूख धरला होता आणि तिने तो कधी लपवला नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिची भाची देवश्री एक छोटी फिल्म करायला निघाली. तेलीबांध्याच्या एका ऑफिसात नोकरी करते ती, सुट्टीच्या दिवशी हे उद्योग. सिलतऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला एक म्हातारा, बायको वारलेली, आणि शेवटी तो तिच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतो, जन्मभर न बोललेलं सगळं. एवढीच गोष्ट. पैसे नव्हते म्हणून शूटिंग मावशीच्या घरात, जेवण माझ्या स्वयंपाकघरातलं आणि कॅमेरा एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून, त्याच्या तारखा सांभाळून, मागून आणलेला. आवाज घ्यायला गौतम नावाचा तिचा मित्र. काठीला केसाळ माइक बांधून तो घरभर हिंडायचा, जाळी काढायला आल्यासारखा.

घर बघायला आले त्या दिवशी गौतमने आधी कूलर बंद करवला, मग फ्रिज, मग पंखा. आम्ही घामाने निथळून गेलो.

"आंटी, पिन गिरेगी तो भी आएगी," तो म्हणाला.

सुशीलाने विचारलं, "मग प्रॉम्प्टर कुठी बसते?"

"मावशी, फिल्म में प्रॉम्प्टर नहीं होता," देवश्री हसली. "सब को पाठ करना पड़ता है."

सुशीला चहा करायला उठली. चहात तिने साखर दोनदा घातली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मग अगदी सहज म्हणाली, "तुह्या म्हाताऱ्यासाठी माणूस आहे माह्याजवळ. यशवंतराव."

मी तिच्याकडे बघतच राहिले. देवश्रीला जुनं काही माहीत नव्हतं, ती खूश झाली.

दुसऱ्याच दिवशी मला सोबत घेऊन, डब्यात चिवडा भरून सुशीला यशवंतरावांच्या घरी गेली. केस पांढरे झाले होते, रुबाब तोच. फिल्म म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. मग जरा पुढे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "प्रॉम्प्टिंगले कोण राहीन?"

"मी आहो ना," सुशीला म्हणाली.

"मग चिंता नाही." चिवड्याचा बकाणा भरत ते म्हणाले, "तुम्ही मंडळात येणं काहून बंद केलं हो, सुशीलाबाई? आम्ही कितीदा आठवण काढतो तुमची."

खरंच विचारत होते. तोंडावर कसलाच भाव नव्हता. घरी येताना सुशीला माझ्यापुढे झपाझप चालत होती. मग रस्त्याच्या मधोमध थांबली. "त्याले आठवतच नाही, विजया. मी बावीस वर्षं झोपली नाही, अन् त्याले आठवतच नाही."

असा संताप मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. मला भीती वाटली आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटली.

शूटिंगच्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट केली. तेराव्याच्या सीनला माणसं हवी होती, तर तिने मंडळातलेच जुने लोक बोलावले. अध्यक्ष अनंतराव, पेटीवाले, मेकअपवाले, झाडून सगळे पांढरे कपडे घालून सतरंजीवर येऊन बसले. त्यांचं काम सकाळीच झालं, पण यशवंतरावांचा मोठा सीन बघायचा म्हणून कोणी हललं नाही. पोहे खाऊन पुन्हा तिथेच बसले.

"काकाजी, पाठ हो गया ना?" देवश्रीने विचारलं.

"रक्तात आहे बेटा," यशवंतराव म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघून हसले. पडद्याआड स्टुलावर सुशीला कागद मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यामागे मी, पोह्यांच्या कढईपाशी.

कूलर, फ्रिज, पंखे बंद झाले. गौतमने माइक पुढे केला. यशवंतराव खुर्चीसमोर बसले, एक सुस्कारा सोडला, फार सुंदर सोडला, आणि पहिलं वाक्य म्हटलं. मग त्यांनी उजव्या कानाची पाळी चोळली.

सुशीलाचे ओठ मिटलेले होते.

त्यांनी आणखी जोरात चोळली. "कट," देवश्री म्हणाली. गौतम म्हणाला, "अंकल, कान से हाथ हटाइए, माइक में खरखर आ रही है."

पुन्हा सुरू झालं. पुन्हा पहिलं वाक्य, पुन्हा कान. मग पुन्हा. कान लालबुंद झाला. देवश्रीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत संवाद लिहून कॅमेऱ्याशेजारी धरून पाहिला, तर यशवंतरावांची बुबुळं डावीकडून उजवीकडे अशी पळायला लागली, जसा कोणी स्टेशनावर गाडीचे डबे मोजतोय. सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. अनंतरावांनी आधी त्या कानाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. मला ते दिसत होतं आणि मला फार बरं वाटत होतं.

अखेर यशवंतरावांचा तोल गेला. चालू शॉटमध्ये ते ओरडले, "सुशीला, झोपली काय?"

सुशीलाने पडदा सारला. "जागीच आहो," ती म्हणाली. "तेव्हाही जागीच होती. तीनदा दिलं होतं वाक्य."

कोणी हसलं नाही. यशवंतरावांचा चेहरा आधी गोंधळलेला होता, मग हळूहळू त्यांना आठवलं. त्यांना आठवत असताना मी तो चेहरा नीट पाहून घेतला. तेव्हा त्यांनी माफीचा शब्द काढला असता तर कदाचित गोष्ट तिथेच संपली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते घड्याळ बघून देवश्रीला म्हणाले, "तुमची व्यवस्था बरोबर नाही, बेटा."

देवश्री स्वयंपाकघरात आली ती रडतच. कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. "मावशी, प्लीज. आप बोल दो ना लाइनें. बीच-बीच में बोलो, गौतम बाद में आपकी आवाज़ निकाल देगा."

सुशीलाने तिचं तोंड पदराने पुसलं. ही पोर तिच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. त्या क्षणी तिचं मन पालटलं असं मला वाटलं आणि मी मनातून चिडले. पण ती म्हणाली, "देतो मी. पण माह्या आवाजाले कोणी हात लावायचा नाही. काढायचा नाही. कबूल?"

"पर मावशी, फिर तो सब को सुनाई देगा."

"हव, येऊ दे ऐकू."

देवश्रीने डोळे पुसले आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "बाई की आवाज़," ती स्वतःशीच म्हणाली आणि धावत गौतमकडे गेली.

यशवंतरावांनी फक्त एवढंच विचारलं, "हिचा आवाज पिक्चरमधी येणार नाही ना?" गौतम माइक नीट करत म्हणाला, "वो सब एडिटिंग में देखते हैं, अंकल." तेवढ्यावर ते खूश.

मग सुशीलाने वाक्य द्यायला सुरुवात केली. तिचा आवाज तसाच होता, खालचा, सरळ कानात जाणारा. ती म्हणायची, तो म्हणायचा. आणि माणूस नालायक असला तरी नट खरा होता, हे मला कबूल करावं लागतं. सतरंजीवरच्या बायका डोळे पुसत होत्या.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. तोच हॉल, तोच स्टेज. आम्ही दोघी दुसऱ्या रांगेत. यशवंतराव पुढे, नव्या जाकिटात. तेराव्याच्या सीनमध्ये लोक आपापले चेहरे ओळखून खिदळत होते. मग तो म्हातारा रिकाम्या खुर्चीसमोर बसला, कान चोळला, आणि अंधारातून बाईचा आवाज आला, "तू होतीस तोवर मी कधी विचारलं नाही." मग यशवंतराव म्हणाले, "तू होतीस तोवर मी कधी विचारलं नाही."

मेलेली बायकोच त्याला शब्द देते आहे, असंच सगळ्यांना वाटलं. नव्या पोरांना तेवढंच कळलं आणि ती रडली. पण मंडळाच्या जुन्या लोकांना दुसरंही कळत होतं. प्रत्येक वाक्य आधी तिचं, मग त्यांचं. कान चोळला की ती आहेच. पुढच्या रांगेत यशवंतराव खुर्चीत खाली खाली सरकत चालले होते. शेवटी पडद्यावर नावं आली, त्यात एक ओळ होती, प्रॉम्प्टर सुशीला बोधनकर, आणि टाळ्या त्या ओळीला पडल्या. मी तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

अनंतरावांनी यशवंतरावांना शाल-श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोलायला माइकपाशी उभं केलं. ते उभे राहिले. नारळ एका हातात. तोंड उघडलं, मिटलं. आणि सवयीने दुसरा हात उजव्या कानाकडे गेला.

सगळ्या हॉलने वळून सुशीलाकडे पाहिलं.

सुशीलाने पदर खांद्यावरून नीट घेतला, हात मांडीवर ठेवले, मान छातीवर टाकली आणि डोळे मिटले. शेजारी मला ऐकू येईल इतपत घोरलीसुद्धा. आधी मागे कोणीतरी फिसकन हसलं, मग रांगाच्या रांगा हसल्या. माइकवरचा माणूस हसू ओसरायची वाट बघत तसाच उभा होता. वाक्य द्यायला कोणी नव्हतं. घाम त्याच्या नव्या जाकिटावर उतरला. बऱ्याच वेळाने तो पुटपुटला, "त्या दिवशी बाई झोपल्या नव्हत्या. मीच विसरलो होतो."

सुशीलाने डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "जोरात. मागच्या रांगेले ऐकू नाही येऊन राहिलं."

यशवंतरावांनी ते पुन्हा, जोरात म्हटलं.