दोन डिस्कांची वाटणी

बाबा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. वसईतल्या किती वाड्यांमधली हळद त्यांनी टिपली, पण स्वतः कुठेच नाहीत. असणार कसे? कॅमेरा त्यांच्याच खांद्यावर! ऐकू यायचा तो आवाज. "नवरीबाई, हसा की जरा, फुकट आहे!" दर लग्नात हेच. गिऱ्हाइकाला देताना मात्र तो आवाज काढून वर गाणी चढवायचे. म्हणजे बाबा उरले ते फक्त कच्च्या शूटिंगमध्ये. ते सगळं त्यांनी एका सेकंडहँड सर्व्हरवर भरून ठेवलं होतं आणि जुन्या कॅसेटी भंगारात घातल्या होत्या.

बाबा गेले. दुकानाचा गाळा सोडायचा होता. ते धूड ठेवायचं कुठे? मी नायगावला फ्लॅटमध्ये, दादा राजोडीला पर्यटकांना खोल्या देतो, आई वाडीतल्या घरी. शेवटी आम्ही दोघा भावांनी सर्व्हर खोलला, आतल्या दोन्ही हार्ड डिस्क काढल्या आणि बाजारातून आणलेल्या केसिंगमध्ये बसवल्या. वायर लावली की कुठल्याही कॉम्प्युटरवर चालणार. भारीच वाटलं होतं आम्हाला.

आईने त्या देवापुढे ठेवल्या, वर वाडीतला चाफा वाहिला. आमच्याकडे वाटणी म्हणजे वाटणी. केळीचा घड असो नाहीतर विहिरीच्या पाण्याची पाळी, आई कधी डावं-उजवं करत नाही. "एक त्याला, एक तुला. पुढे भांडायचं नाही," म्हणाली. आम्ही आपापली डिस्क घेऊन घरी गेलो.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी आई म्हणाली, "त्यांचा आवाज ऐकव रे एकदा." मी डिस्क लॅपटॉपला लावली. दिवा लागला, आत घरघर झाली आणि स्क्रीनवर प्रश्न आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? पुसून टाकू का, असं विचारतोय मेला! मी वायर उपटली आणि डिस्क थेट गोखिवऱ्याच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली.

तो म्हणाला, सर्व्हरने दोन्ही डिस्क मिळून एकच धरली होती. प्रत्येक फाइलचे बारीक तुकडे करून एक हिच्यावर, पुढचा तिच्यावर. "दुसरी घेऊन या. दोन्ही असल्या की निघेल."

तिथूनच दादाला फोन लावला.

"अरे, माझी तर कोरीच होती," दादा म्हणाला. "फॉरमॅट मागत होती, केली. खोल्यांच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग जातं तिच्यावर. भरली की पुन्हा वरून. मस्त चालते!"

मस्त चालते म्हणे! डोक्यात अशी सणक गेली. पण ओरडणार कुणावर? त्याच्या वाटणीची वस्तू त्याने वापरली. दुरुस्तीवाल्याने ऐकलं होतं. वरून इतकं लिहिलं गेल्यावर काही हाती लागणार नाही, म्हणाला, आणि माझी डिस्क पिशवीत घालून परत दिली.

संध्याकाळी आम्ही दोघं वाडीवर गेलो. दादाने वाटेत फोनचं कारण विचारलं, तेव्हा त्याला दुरुस्तीवाल्याचं म्हणणं सांगितलं. आईला सगळं मीच सांगितलं. तुकडे, दोन डिस्क, सीसीटीव्ही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. दादावर रागावलीसुद्धा नाही.

"त्याचं गेलं तर गेलं," ती म्हणाली. "तुझं अर्धं आहे ना शाबूत?"

"आहे, पण आई..."

"मग अर्धं लाव. नुसतं 'नवरीबाई' ऐकू आलं तरी पुरे मला."

मी दादाकडे बघितलं. त्याने तोंड फिरवलं. अर्ध्यातून अर्धा शब्दही निघत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं, मला कळेना. तोवर आई उठली होती. तिने मिक्सरची पिन काढून डिस्कसाठी प्लग मोकळा केला आणि खुर्ची ओढून समोर येऊन बसली.