उघड्या दाराची बेल

आमच्या शेजारचे पप्पा रोज संध्याकाळी स्वतःच्याच घराची बेल वाजवायचे. दार सताड उघडं, बायको समोर भाजी निवडत बसलेली, तरी हा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून बेल वाजवणार. आतून कोणीतरी "कोण?" म्हणायचं. "मी. आलो घरी." मग चपला काढून आत. मी लग्न होऊन निफाडकडून सातपूरला आले, तेव्हा मला वाटलं, या बुवाचं डोकं फिरलंय. तसं मी तोंडावर बोललेही. ते म्हणाले, "वहिनी, गुपचूप आत शिरलं की आल्यासारखं वाटत नाही."

त्यांना सगळी गल्लीच पप्पा म्हणायची. ते नाव टीव्हीमुळे पडलं. गल्लीतला पहिला टीव्ही त्यांचा, आणि तेव्हाच्या मालिकांत एक पप्पा असायचेच. संध्याकाळी बॅग घेऊन यायचे, सोफ्यावर बसायचे आणि घरातलं भांडण मिटवायचे. आमचे पप्पा तसेच. फक्त सोफा नव्हता आणि बॅगेच्या जागी डब्याची पिशवी. माझ्या थोरल्याने एकदा विचारलं, "पप्पा, टीव्हीतले बाबा नोकरी काय करतात? त्यांचं ऑफिस कधी दाखवतच नाहीत." पप्पा म्हणाले, "दाखवून काय करायचं? त्याची ड्यूटी घरी आल्यावर लागते." ते स्वतः कंपनीत मोटारीचे सुटे भाग लाकडी खोक्यांत भरून वरून खिळे ठोकायचे. त्याबद्दल ना कधी कुरकुर, ना कधी फुशारकी.

माझा नवरा गेला तेव्हा दोन्ही मुलं शाळेत होती. मी कामगारांचे डबे करायला लागले. रडत बसायला वेळ नव्हता. दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी दारातून आवाज आला, "वहिनी, आलो बरं का." बस, एवढंच. मग ते त्यांच्या घरी गेले. पुढे रोज तेच. हातात काहीतरी असायचं, पेरू, भुईमुगाच्या शेंगा, हंगामात द्राक्षांचे सुटे मणी. आपल्या घरच्यासारखंच मूठभर माझ्या मुलांना. तो आवाज आला की माझी पोरं मारामारी थांबवून अभ्यासाला बसायची. मी विचारलं, "इथे कशाला थांबता रोज?" म्हणाले, "तुमचं दार वाटेवर आहे." माझं घर त्यांच्या घराच्या पुढे. वाटेवर अजिबात नव्हतं.

ही सवय कुठून आली, ते मला फार उशिरा कळलं. त्यांचे वडील येवल्याला पैठणी विणायचे. माग घरातच. "दिवसभर मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले," पप्पा सांगायचे. "आम्हाला त्यांची पाठच ठाऊक. बाकीच्या पोरांचे बाप संध्याकाळी घरी यायचे, पोरं पळत जायची. आमचा बाप गेलाच नव्हता, तर येणार कुठून?"

पप्पा रिटायर झाले, त्यांची बायको गेली, माझी मुलं पुण्याला गेली. तरी ते संध्याकाळी मैदानापर्यंत चालून यायचे, माझ्या दारात आवाज द्यायचे आणि घरी जाऊन बेल वाजवायचे. त्यांचा मुलगा नितीन आता घरूनच काम करतो. कुठली तरी परदेशी कंपनी. खोलीचं दार लावून, कानाला यंत्र लावून बोलत असतो. सून बँकेत. त्यांची सई पाच वर्षांची.

एका दुपारी सई माझ्या ओट्यावर भातुकली मांडून बसली होती. आई चुलीपाशी, आजोबा पाटावर. पप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, "आणि बाबा कुठेत गं?" तिने चपलांचं खोकं दाखवलं. वर झाकण लावलेलं, आत बाहुला. "उघडू नका," ती म्हणाली. "मीटिंग चालूये."

मला हसू आलं. पप्पा हसले नाहीत. खोक्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, आयुष्यभर खोकी ठोकली मी. माणूस नव्हता घातला कधी."

त्या संध्याकाळी त्यांनी नितीनला अंगणात बोलावलं. मी कुंपणाशी उभी होते, मुद्दामच.

"उद्यापासून संध्याकाळी ते यंत्र बंद करायचं. बूट घालायचे, मैदानापर्यंत जायचं आणि घरी यायचं."

"पप्पा, मी घरीच असतो दिवसभर."

"माझा बापही असायचा."

"तुमच्या त्या मालिकेतल्या बाबालाही आज हीच नोकरी मिळाली असती. लॅपटॉपसमोर."

"असू दे की. मग तो घरी कधी येतो, ते सांग मला."

नितीनने रस्त्याकडे पाहिलं. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे मीच इथे," मी म्हणाले. "मी काही म्हणत नाही. जा."

दुसऱ्या दिवशी तो तोंड पाडून गेला आणि तसाच परत आला. पप्पा दारातच उभे. "हात हलवत येतात का घरी? फिर मागे." पोरगा चाळिशीचा, पण निमूट मागे फिरला आणि शेंगा घेऊन आला. बेल वाजवली. आतून सई ओरडली, "कोण?" तो जरा अडखळला. "मी. आलो घरी." ती पळत आली. शेंगांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या भातुकलीत बाहुला बाहेर होता. गळ्यात चिंधीची पिशवी. खोक्याचं तिने कपाट केलं होतं.

या पौषात पप्पा गेले. झोपेत गेले, हाल झाले नाहीत. माणसं जमली, पुष्कळ रडली. मी नितीनकडच्या माणसांसाठी भाकरी थापत होते. तेरा दिवस नितीन भिंतीला टेकून बसून होता. सई संध्याकाळ झाली की दारात जाऊन उभी राहायची आणि परत आत यायची. तिला कोणी काही विचारलं नाही. मी पाहत होते. बापाबरोबर ही रीतही गेली, असंच धरून चालले होते मी.

तेराव्यानंतर एका संध्याकाळी ओट्यावर मेथी निवडत होते. नितीन रस्त्याने येताना दिसला. पायात बूट, हातात पिशवी. स्वतःच्या फाटकाशी आला, थांबला नाही. तसाच पुढे माझ्या दारापर्यंत आला.

"काकू, आलो बरं का."

त्याला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. मी तरी नाहीच.

"उशीर केलास," मी म्हणाले. "पोर खोळंबलीये. जा."

त्याने मूठभर शेंगा माझ्या सुपात टाकल्या आणि मागे वळला. सई उंबऱ्यातच उभी होती, त्याच्याकडे बघत. दार सताड उघडं होतं. त्याने बेल वाजवली.

"कोण?" ती म्हणाली.