गॅपवाले अंकल

काकांनी माझं नाव विचारण्याआधी माझे पांढरे बूट पाहिले आणि म्हणाले, "हे घालून काय करणार आहेस? टेनिस?" मग म्हणाले, "आई म्हणत होती, मराठी कळतं तुला. बोलतेसही, की नुसतं कळतं?" मी म्हटलं, "बोलते." त्यानंतर तासभर मी एक शब्दही बोलले नाही, तेव्हा त्यांचा विश्वास बसला नसावा.

मानेसरच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखाणीची जुनी मीटरगेज लाइन आहे. तिचा दीड किलोमीटरचा तुकडा आमच्या संस्थेने जपला होता. 'जपला' हा आमचा शब्द. दर रविवारी गुरुग्राममधून पंधरा-वीस जण आपापल्या गाड्यांनी यायचे, वाफेच्या इंजिनाचं चित्र असलेले टी-शर्ट आणि पिवळी हेल्मेटं घालायचे, तासभर खडी इकडची तिकडे करायचे आणि दोन तास छोले-भटुरे खायचे. काका रेल्वेत रुळांचे इन्स्पेक्टर होते. निवृत्तीनंतर द्वारकेत राहायचे. मराठी मंडळातल्या ओळखीवर आईने मला त्यांच्याबरोबर धाडलं होतं, माझी भीड चेपावी म्हणून. रूळ कसा बसवतात हे त्या सगळ्यांत त्यांना एकट्यालाच माहीत होतं, आणि म्हणून ते कुणालाच आवडत नसत.

एकदा एक जण हातोडा हातात धरून मोबाइलसमोर वारसा, परंपरा असं काहीबाही बोलत होता. काका शेजारी जाऊन उभे राहिले. "भाईसाब, ये हथौडा है, माइक नहीं." तो गृहस्थ पुढच्या रविवारपासून आला नाही. काकांनी त्याची चौकशीही केली नाही. "एक बघ्या कमी झाला," एवढंच.

मलाही सूट नव्हती. पहिल्याच दिवशी ते खाली वाकून ओरडले, "पहार दे!" मी मान वर करून अरवलीच्या टेकड्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं, मग माझ्याकडे. "पहाड नव्हे गं. पहार. लोखंडाची. तुमच्या दिल्लीची सब्बल." मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. "शाळेची फी किती भरली होती तुझ्या बापाने?"

त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे फट. दोन रूळ जिथे जुळतात तिथे थोडी फट ठेवायची, कारण उन्हाळ्यात लोखंड वाढतं. रूळ बसवताना ते सांध्यात एक पातळ लोखंडी पट्टी घालायचे, बोल्ट आवळायचे आणि मग पट्टी काढून घ्यायचे. "जानेवारीत जागा सोडली नाही, तर मे महिन्यात रूळ तुमची परवानगी न घेता बाहेर येईल." हे ते दर रविवारी हिंदीतून सांगायचे. पोरं त्यांना पाठीमागे 'गॅपवाले अंकल' म्हणायची. मीही हसायचे, हळूच.

त्या जानेवारीत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते नागपूरला मुलीकडे गेले. चार नवे रूळ बसवायचे राहिले होते. जाताना त्यांनी पट्ट्या माझ्या हातात दिल्या. "प्रत्येक सांध्यात एक. तू मोजतेस नीट, म्हणून तुझ्याकडे देतोय." त्यांच्या तोंडून कुणाची इतकी स्तुती मी कधी ऐकली नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही ते रूळ बसवायला घेतले, आणि त्याच दिवशी फोटोग्राफर येणार होता. आमचे प्रेसिडेंट एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. मीटिंगमध्ये बोलावं तसंच ते रुळांशीही बोलत. सांध्याकडे बघून म्हणाले, "यार, ये दाँतों के बीच जैसा गैप फोटो में गंदा लगेगा. मिला दो." मी पट्ट्या घेऊन उभी होते. "पर अंकल ने..." एवढं माझ्या तोंडून निघालं. "अंकल की बात छोडो बेटा, चलो, लाइट जा रही है." सगळ्यांनी पहारी लावून रूळ एकमेकांना भिडवले. पट्ट्या माझ्या बॅगेत राहिल्या. रात्री काकांचा फोन आला, "काम झालं?" मी "हो" म्हणाले. काम झालंच होतं.

काका परतले ते मे महिन्यात. त्या रविवारी एका शाळेची मुलं फेरी मारायला आली होती. भर दुपारी इंजिन शिटी देत होतं, प्रेसिडेंट हिरवी झेंडी घेऊन फोटोसाठी उभे होते, आणि काका सवयीने लाइन बघायला पुढे चालत गेले होते. गाडी सुटली. दोन मिनिटांत करकचून ब्रेक लागले. आम्ही धावत गेलो, तर काका रुळांच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभे होते. त्यांच्या मागे ते चार नवे रूळ खालच्या स्लीपरांसकट बाजूला सरकून नागमोडी झाले होते.

मुलांना समोसे देऊन परत पाठवलं. मग प्रेसिडेंट सगळ्यांसमोर म्हणाले, "काकाजी, ट्रैक तो आपकी जिम्मेदारी थी ना?" काका सांध्यापाशी उकिडवे बसले, भिडलेल्या रुळांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "गैप किसने बंद किया?"

वारसा जपणारे पंधरा जण आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागले. मी पाण्याची बाटली उघडली आणि बराच वेळ पाणी प्यायले.

काकांना मेट्रो स्टेशनवर मीच सोडायचे. त्या दिवशी उतरताना ते म्हणाले, "तू बघतेस सगळं. बोलत नाहीस. रेल्वेत अशा माणसांचा फार उपयोग होतो. अपघात झाल्यावर, साक्षीला." दार त्यांनी अगदी हलक्या हाताने लावलं.

मी गाडी वळवून परत लाइनवर आले. तिथे छोले-भटुरे चालूच होते. मी उभ्यानेच सांगितलं, "पट्टियाँ मेरे पास थीं. अंकल ने दी थीं. आपने कहा मिला दो, और मैंने मिलाने दिया." प्रेसिडेंट म्हणाले, "अरे बेटा, नो ब्लेम गेम. बैठो, खाओ." कुणीतरी माझ्यासाठी प्लेट वाढली. काकांना व्हॉट्सॲप ग्रुपमधून तोवर काढून टाकलेलं होतं.

मी बाहेर येऊन काकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. मनातून वाटत होतं, आता तरी एक बरा शब्द येईल. पलीकडे मेट्रोची घोषणा चालू होती.

"उशिरा आलेली गाडी रद्द झालेल्या गाडीपेक्षा बरी," ते म्हणाले. "पण तिच्यासाठी फलाटावर कुणी हार घेऊन उभं राहत नाही."