तांबडा पट्टा

भालकीच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते. प्रावरणाचा धडा दरवर्षी येतो. जमिनीच्या खोल पोटातला खडक तापलेला, पण घट्टच; तो लाखो वर्षं सावकाश वर सरकतो, वरची जमीन उचलून धरतो आणि वर येताना दाब कमी झाला की वितळतो. मग समुद्रापासून दूर, खंडाच्या मधोमधही भेगा पडून लाव्हा वाहतो. आपल्याकडचा काळा दगड असाच थरावर थर साचलाय. हे मला झोपेतही सांगता येतं. दोन थरांमधल्या तांबड्या पट्ट्यापाशी आले की मात्र फळ्याकडे तोंड करते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, विहिरी खोदायचे. तांबडा पट्टा लागला की काम बंद, सगळे वर. आधी तेवढ्या भागाला दगडी बांधकाम, मग पुढची खोदाई. मालक कितीही कावला तरी अप्पा ऐकायचे नाहीत.

भालकीजवळच्या मेहकरच्या शिवारात एका विहिरीला तो पट्टा लागला, तेव्हा मी सुट्टीत घरी होते. कॉलेजचं पहिलंच वर्ष, अक्कल पाजळायची खाज. काठावर उभी राहून मी म्हटलं, "अप्पा, दोन लाव्हांच्या मधी उघडी पडलेली माती हाय ही. वरच्या लाव्हानं भाजून इटेवानी झाली. कामून थांबायलाव?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी शिकली, हा अभिमान त्या नजरेत होता. "व्हय," म्हणाले, "शिकलेलं माणूस सांगायलंय." थोरला भाऊ, माझा अण्णा, खाली उतरला.

माझ्या पुस्तकात नुसती भाजलेली माती होती. पाणी लागलं की ती फुगते, सुटते, हे अप्पांच्या हातांना ठाऊक होतं. दुपारी झरा लागला. पट्टा ढासळला आणि वरचा काळा दगड अण्णावर आला.

अण्णा गेला, त्यानंतर अप्पांनी पहार हातात धरली नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. गेल्या उन्हाळ्यात, अंथरुणाला खिळल्यावर, त्यांनी विचारलं, "माय, ती आग किती खालून येती म्हणलीस?"

मी सांगत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मलाच राहवलं नाही. "अप्पा, माझं चुकलं."

"तू लेकरू व्हतीस," अप्पा म्हणाले. "मला ठावं व्हतं. तरी उतरीवलो मी त्याला."