वस्तऱ्याखालचं एकमत

सलूनवाल्याला गल्लीत सगळे वकील म्हणत, कारण वादात तो कधी हरला नव्हता. हरणार तरी कसा? समोरचा माणूस खुर्चीत मान मागे टाकून बसलेला, तोंडभर फेस आणि गळ्यापाशी वस्तरा. अशा वेळी शहाणा माणूस हुंकारसुद्धा देत नाही. दाढी संपून गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत वकील तुरटी फिरवून ‘चला, पुढचे’ अशी हाक देई. नळाचं पाणी, मुलांचा अभ्यास, चंद्रावर घरं बांधावीत की नाही, सगळे खटले त्या खुर्चीत निकालात निघाले आणि प्रत्येक खटला वकीलच जिंकला. घरात मात्र त्याचं काही चालत नसे, कारण बायकोला दाढी नव्हती.

त्याची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. माणसासारखं बोलणारी, लिहिणारी ती नवी कृत्रिम बुद्धिमत्ता असते ना, ती बनवणाऱ्या कंपनीत. गल्लीला त्यातलं एवढंच कळलं होतं, की वकिलाची पोर माणसांची कामं गिळणारं यंत्र बनवते. गेल्या वर्षी ती घरी आली तेव्हा छापखानेवाल्या काकांनी तिला भर रस्त्यात अडवलं आणि आमच्या पोटावर पाय द्यायला तुला पगार किती मिळतो, असं विचारलं. चार माणसं हसली. दुसऱ्या दिवशी ती निघून गेली ती आलीच नाही. फोन करायची, पण यायचं नाव काढलं की विषय बदलायची. वकिलाला तिच्यावाचून अजिबात करमत नव्हतं. गल्लीचं मत बदलल्याशिवाय पोर घरी येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हा खटला स्वतःच चालवायला घेतला.

महिनाभर त्यानं गल्लीचं डोकं खाल्लं. हे यंत्र आजार ओळखतं, मुलांना शिकवतं, थकत नाही, चिडत नाही, असं तो सांगे. यातलं थोडं मुलीकडून ऐकलेलं होतं, बाकीचं ब्रश फिरवता फिरवता सुचलेलं. “आणि चुकत तर नाहीच,” एवढं तो वस्तरा हनुवटीखाली नेऊन सांगे. कुणी हूं की चूं केलं नाही. खुद्द छापखानेवाले काकासुद्धा डोळे मिटून गप्प राहिले. झालं. वकिलाला वाटलं, पटलं सगळ्यांना.

त्यानं मुलीला फोन करून सांगितलं की गल्लीत आता एकही माणूस विरोधात नाही. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, त्या बिचाऱ्यांना बोलू दिलंत का? हा मुद्दा वकिलाला किरकोळ वाटला. मुलगी मात्र हरखून गेली. येत्या रविवारी येते म्हणाली, आणि लोक ऐकायला तयार असतील तर शाळेच्या हॉलमध्ये गप्पाच मारू या, असंही म्हणाली.

रविवारी हॉल खच्चून भरला. खिडक्यांतसुद्धा माणसं. वकील इस्त्रीचा शर्ट घालून मंचावर चढला आणि म्हणाला, की आपलं सगळ्यांचं एकमत झालेलंच आहे, तेव्हा...

छापखानेवाले काका उठले. “कुणाचं एकमत? महिनाभर माझ्या तोंडाला फेस होता!”

मग काय विचारता! महिन्याभराची तुंबलेली उत्तरं एकदम फुटली. निवृत्त गुरुजी खुर्चीवर उभे राहिले. कुणाला नोकरीबद्दल बोलायचं होतं, कुणाला मुलाच्या परीक्षेबद्दल, आणि एकाला चंद्रावरच्या घरांबद्दल, कारण त्याचं उत्तर तेव्हापासून राहिलं होतं. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि सगळे वकिलाशीच बोलत होते. वकिलाचं तोंड पांढरं पडलं. आता ही पुन्हा निघून जाणार, आणि या वेळी माझ्यामुळे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. भीतभीत त्यानं लेकीकडे पाहिलं.

ती तोंडावर हात ठेवून हसत होती. मग हात काढून हसायला लागली. हसता हसता खुर्ची उचलून ती मंचावरून खाली लोकांच्या मधोमध जाऊन बसली आणि म्हणाली, एकेकानं बोला, मी कुठे जात नाही.

काकांनी पहिला मान घेतला. माझं काम जाणार का, ते सांग.

“काही काम जाईल, काका,” ती म्हणाली. “किती, ते मला माहीत नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचंही खरं मानू नका.”

सगळ्यांनी वकिलाकडे पाहिलं. गुरुजींनी विचारलं, की यंत्र चुकत नाही असं तुझे बाबा म्हणतात, ते तरी खरं का?

“चुकतं की. कधी कधी तर एवढ्या ठामपणे चुकतं की ऐकणाऱ्याला खरंच वाटावं. त्या चुका शोधायचाच मला पगार मिळतो.”

“म्हणजे आपला वकीलच की,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. वकिलाची बायको तर डोळे पुसत होती.

मुलीनं ते यंत्र फोनवर सुरू केलं, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, तुम्हीच विचारा. गुरुजींनी घसा साफ करून विचारलं, या गल्लीत सगळ्यात शहाणं कोण? फोनमधून उत्तर आलं, की तुमच्या गल्लीबद्दल मला काहीच माहीत नाही, तुम्ही सांगितलंत तर ऐकून घेईन. माहीत नाही, असं गल्लीत याआधी कुणी म्हणाल्याचं आठवेना, म्हणून गुरुजींनी तोच प्रश्न पुन्हा विचारून घेतला. मग रांगच लागली. लोक विचारत होते, उत्तरावर भांडत होते, चूक सापडली की टाळ्या पिटत होते. शिपाई चाव्या वाजवत दारात उभा राहिला तेव्हा कुठे माणसं उठली.

दारात काका तिच्यासाठी थांबले होते. “मला काही पटलेलं नाही हं,” ते म्हणाले.

“नसू दे, काका.”

“नसू दे काय? अर्धे प्रश्न राहिलेत माझे.” काका चपलेकडे बघत राहिले. “गेल्या वर्षी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. पुढच्या महिन्यात येशील ना?”

“येईन,” ती म्हणाली.

वकिलानं पुढे होऊन काकांना सगळ्यांदेखत कडकडून मिठी मारली. काकांचा चष्मा वाकडा झाला, ते सोड सोड म्हणू लागले, तरी तो सोडेना.